वर्गातील बोलते चित्र : नभोवाणीपासून मोबाईलपर्यंत

शाळांचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे आपण बहुधा शाळा केव्हा निघाली, जागा कोणी दिली, इमारतीचा पाया कोणाच्या हस्ते घातला गेला आणि निकाल किती टक्के लागला एवढ्यावर थांबतो. स्मरणिकांची पाने याच मजकुराने भरतात, आणि ते योग्यही आहे. परंतु मूल ज्या साधनाने शिकते त्या साधनालाही स्वतःचा इतिहास असतो. पाटी आली, फळा आला, छापील क्रमिक पुस्तक आले, भिंतीवरचा नकाशा आला. मग आवाज आला, आवाजामागून हलते चित्र आले, आणि आज ते चित्र मुलाच्या तळहातावर येऊन बसले आहे. पालकांच्या सभेत हल्ली सर्वांत जास्त वेळ कोणत्या विषयावर जात असेल तर तो या तळहातावरच्या चित्रावर. मोबाईल द्यावा की न द्यावा, व्हॉट्सॲपवर आलेला गृहपाठ खरा मानावा काय, यूट्यूबवर गणित शिकता येते काय, असे प्रश्न माता विचारतात, पिते विचारतात, आणि विद्यार्थी मान खाली घालून ऐकतात. हे प्रश्न वाटतात तितके नवे नाहीत. त्यांची थोडी पूर्वपीठिका सांगावी, आणि ती सांगताना आपल्या जिल्ह्यातील वारणानगरचे एक प्रकरण, जे बाहेरच्या जगात फार गाजले आणि येथे मात्र फारसे आठवले जात नाही, ते जरा सविस्तर मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कोल्हापूर संस्थानात शिक्षणाची सक्ती झाली ती १९१७ साली. राजर्षी शाहू छत्रपतींनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि जो पालक मुलाला शाळेत पाठवणार नाही त्याला महिना एक रुपया दंड ठेवला. त्याच्या अकरा वर्षे आधी, १९०६ मध्ये, मुसलमान समाजातील शिक्षणाची उणीव भरून काढण्यासाठी कोल्हापुरात मुस्लिम एज्युकेशन सोसायटी व वसतिगृह उभे राहिले तेव्हा महाराजांनी सोसायटीचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले होते. हे येथे सांगण्याचे कारण इतकेच, की त्या काळी साधन म्हणजे शाळेची खोली, मास्तर, आणि दूरच्या खेड्यातल्या मुलाला शहरात राहण्याची सोय. ज्ञान एका ठिकाणी होते आणि मुलाला तेथे जावे लागे. पुढील शंभर वर्षांत जी जी यंत्रे आली त्यांनी याच्या नेमके उलटे वचन दिले : मुलाने कोठे जावयास नको, ज्ञानच त्याच्या गावी येईल. या वचनाचे काय झाले हाच आपला विषय आहे.

पहिले वचन नभोवाणीचे. ऑल इंडिया रेडिओने शाळांसाठी कार्यक्रम १९३७ पासून सुरू केले. आपल्या भागात स्वतःचे केंद्र यावयास बराच काळ गेला. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झाले. शाळेच्या कचेरीतील कपाटावर ठेवलेला, कापडाने झाकलेला रेडिओ पुष्कळ जुन्या शिक्षकांच्या स्मरणात असेल. कार्यक्रमाची वेळ आणि शाळेचे वेळापत्रक यांचे क्वचितच जमे. इतिहासाचा तास चालू असताना विज्ञानाचा कार्यक्रम लागे, आणि मुख्याध्यापक म्हणत, राहू द्या. यंत्र वेळ ठरवते, शिक्षक ठरवत नाही, ही अडचण तेव्हापासूनची आहे.

दुसरे वचन दूरचित्रवाणीचे होते आणि ते फार मोठे होते. दिल्लीला दूरचित्रवाणी १९५९ साली आली आणि १९६१ पासून तेथील शाळांसाठी धडे दाखवले जाऊ लागले. मुंबईचे केंद्र १९७२ मध्ये सुरू झाले. परंतु खरा प्रयोग झाला तो १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात. अमेरिकेच्या नासा संस्थेचा एटीएस-६ हा उपग्रह भारताला वर्षभरासाठी वापरावयास मिळाला आणि इस्रोच्या शास्त्रज्ञांनी सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक दूरचित्रवाणी संच बसवले. प्रत्येक संचाजवळ तारेच्या जाळीची सुमारे दहा फूट व्यासाची थाळी उभी केलेली असे. गावकऱ्यांना ती कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीसारखी वाटे, आणि जाळी होतीही तशीच. सकाळी दीड तास शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास गावासाठी. महाराष्ट्र या सहा राज्यांत नव्हता. पण शेजारच्या कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे होते. म्हणजे सोलापूर-सांगलीच्या सीमेपलीकडे ज्या गावात डांबरी सडक नव्हती तेथील मुले उपग्रहावरून आलेला धडा कानडीत पाहत होती.

या प्रयोगातील एक गोष्ट मला स्वतःला सर्वांत मोलाची वाटते आणि तिचा उल्लेख फार कमी होतो. सुट्टीच्या काळात हेच संच वापरून सुमारे ५० हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण दिले गेले. नुसते चित्र दाखवून नव्हे. जोडीला रेडिओ होता, छापील पुस्तिका होती, हाताने करावयाचे प्रयोग होते आणि शंका विचारण्यासाठी माणूस होता. चित्र मुलापर्यंत नेण्याआधी शिक्षकापर्यंत न्यावे, हे त्या लोकांना १९७५ सालीच उमगले होते. उपग्रह मात्र उसनवारीचा होता. वर्ष संपले, तो आपल्या वाटेने गेला. काही भागांत पुढे जमिनीवरचे प्रक्षेपक उभारले गेले, पुष्कळ गावांत पडदा काळा झाला. उसन्या साधनावर शाळेचे वेळापत्रक बांधले की काय होते हे त्या गावांनी पाहिले.

मग स्वतःचा उपग्रह आला. इन्सॅट-१बी ऑगस्ट १९८३ मध्ये अवकाशात गेला आणि त्याच्या जोरावर पुढल्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी दूरदर्शनवर देशव्यापी वर्ग सुरू केला. आणि पुण्यात राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था निघाली, जिला सर्वजण ‘बालचित्रवाणी’ या गोड नावाने ओळखतात. मराठी शाळांतील लहान मुलांसाठी मराठीतून चित्रफिती काढणे हे तिचे काम. ज्यांची मुले त्या काळात प्राथमिक शाळेत होती त्यांना सकाळच्या वेळी लागणारे तिचे कार्यक्रम आठवतील : कठपुतळ्या, गाणी, पाण्याचे प्रयोग, साधी घरगुती भाषा. खाजगी वाहिन्यांच्या झगमगाटापुढे ते चित्र फिके दिसू लागले आणि निधीही आटत गेला. २०१७ मध्ये बालचित्रवाणी बंद करण्यात आली. त्याच वर्षाचा पुन्हा उल्लेख करावयाचा आहे, वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

आता वारणेकडे वळू.

वारणा नदी ही सांगली आणि कोल्हापूर या दोन जिल्ह्यांची सीमा. तिच्या दक्षिण तीरावर, पन्हाळा तालुक्यातील कोडोलीजवळच्या माळावर तात्यासाहेब कोरे यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५९ पासून तेथे वसाहत वाढत गेली आणि तिचेच वारणानगर झाले. कारखान्यामागून दूध संघ आला, ग्राहक भांडार आले, १९६४ मध्ये महाविद्यालय आले, १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय आले. शेतकऱ्यांच्या मुलांचा बालवाद्यवृंद काढून त्याला परदेशापर्यंत नेणारेही हेच गाव. तात्यासाहेब १९९४ मध्ये वारले. त्यांच्या मागे जी संस्थांची साखळी उरली ती एवढी बळकट होती की केंद्र सरकारला देशातील ग्रामीण संगणकाचा पहिला मोठा प्रयोग करावयाचा झाला तेव्हा नजर येथे पडली.

तो प्रयोग १९९८ चा. पंतप्रधानांनी नेमलेल्या माहिती तंत्रज्ञान कृतिदलाच्या पुढाकाराने ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ या नावाची योजना निघाली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, महाराष्ट्र शासन आणि वारणा सहकारी समूह यांनी ती मिळून राबवावयाची होती. खर्चाचा वाटा निम्मा केंद्राचा, चाळीस टक्के राज्याचा आणि दहा टक्के वारणेचा. एकूण खर्च सुमारे अडीच कोटी रुपये. वारणानगरभोवतीची दोन्ही जिल्ह्यांतील सत्तर गावे त्यात होती. गावोगावी संगणक केंद्रे बसवावयाची, ती वारणानगरशी जोडावयाची, आणि वारणानगर उपग्रहाच्या थाळीने जगाशी. शेतकऱ्याला बाजारभाव कळावेत, उसाची नोंद गावातच व्हावी, आरोग्याची आणि शेतीची माहिती मराठीतून मिळावी असे हेतू लिहून ठेवले होते. आणि त्या यादीत आणखी एक हेतू होता : प्राथमिक शाळेपासून महाविद्यालयापर्यंत दूरशिक्षण देणे. १९९८ साली, जेव्हा पुष्कळ गावांत एक टेलिफोन लागला तरी पेढे वाटले जात, तेव्हा कागदावर हे लिहिले गेले. त्या कागदाची थट्टा करण्याचे कारण नाही. असे लिहिण्याला धाडस लागते.

प्रत्यक्षात पन्नासहून अधिक गावांत केंद्रे चालू झाली आणि पहिले काम उत्तम झाले. ऊस उत्पादकाला पूर्वी नोंदीसाठी, वजनाच्या पावतीसाठी, खताच्या उधारीचा हिशेब पाहण्यासाठी कारखान्यापर्यंत खेटे घालावे लागत. आता गावच्या केंद्रात जाऊन चालकाला आपला क्रमांक सांगितला की हिशेब पडद्यावर येई. ज्याला वाचता येत नव्हते त्याला चालक वाचून दाखवी. परदेशी वर्तमानपत्रांत वारणेची वर्णने छापून आली, विद्वान येऊन गेले, निबंध लिहिले गेले.

या येणाऱ्यांत बंगळूर येथील मायक्रोसॉफ्ट संशोधन संस्थेचे काही तरुण संशोधक होते. राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी केंटारो टोयामा यांनी २००६-०७ च्या सुमारास वारणेच्या केंद्रांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना आढळले ते असे : केंद्रे रिकामी पडलेली नव्हती, पण तेथे चालत होता तो जवळजवळ सगळा व्यवहार उसाचा. इंटरनेट पाहावयास, बाजारभाव शोधावयास, शिकावयास कोणी फारसे येत नव्हते. संगणक जुने झाले होते, वीज जात होती, दुरुस्तीचा खर्च वाढत होता. तेव्हा त्यांनी विचारले की एवढेच काम असेल तर त्याला संगणक कशाला हवा? सात गावांत त्यांनी संगणकाच्या जागी साधा मोबाईल ठेवून पाहिला. चालकाने शेतकऱ्याचा क्रमांक संदेशाने पाठवावा, उत्तरादाखल वजन, हिशेब, नोंद सर्व काही संदेशानेच यावे. सुमारे आठ महिने हा प्रयोग चालला आणि त्या सात गावांत संगणकाची उणीव कोणाला भासली नाही. ‘वारणा अनवायर्ड’ या नावाने त्यांचा निबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गावांना तारांनी जोडण्यासाठी अडीच कोटी आले, त्याच गावांनी जगाला दाखवून दिले की तारांशिवायही चालते. इतिहासाला विनोद कळतो म्हणतात तो असा.

पण आपल्या विषयापुरता प्रश्न निराळा आहे. उसाचा हिशेब पडद्यावर आला आणि शाळेचा धडा का आला नाही? माझे मत असे की उसाच्या हिशेबामागे उभा असलेला माणूस ठरलेला होता. वजन चुकले तर शेतकरी कारखान्याच्या दारात येऊन भांडणार, हे चालकाला ठाऊक होते, चिटणीसाला ठाऊक होते, संचालकाला ठाऊक होते. दूरशिक्षणाच्या मागे असा कोणी नव्हता. कोणत्या इयत्तेचा कोणता धडा, मराठीत तो कोणी तयार करावयाचा, वर्गातील मुले केंद्रात केव्हा न्यावयाची, आणि धडा समजला नाही तर मुलाने कोणाला विचारावयाचे, याचे उत्तर देण्याची जबाबदारी कोणा एकाच्या अंगावर नव्हती. टोयामा यांनी पुढे २०१५ साली एक पुस्तक लिहिले. त्याचा आशय थोडक्यात सांगावयाचा तर यंत्र हे ध्वनिवर्धकासारखे आहे : जेथे मुळात चांगले काम चालू आहे तेथे ते वाढवते आणि जेथे काहीच नाही तेथे शून्याला कितीही मोठे केले तरी शून्यच राहते. हे मत बनवण्यात त्यांच्या भारतातील अनुभवांचा वाटा मोठा आहे, आणि वारणा ही त्यांतली एक जागा.

वारणेतील धडा का आला नाही हे समजावून घ्यावयाचे तर ज्या ठिकाणी तो आला ते ठिकाणही पाहावे. साधारण त्याच सुमारास, २००५ मध्ये, लखनौला रँडी वांग नावाच्या संगणकशास्त्रज्ञाने ‘डिजिटल स्टडी हॉल’ नावाचे काम सुरू केले. शहरातील चांगल्या शाळांमधील चांगल्या शिक्षिकांचे तास साध्या कॅमेऱ्याने चित्रित करावयाचे आणि तबकड्या टपालाने, मोटारसायकलने, जमेल तसे खेड्यातील शाळांना पाठवावयाच्या. इंटरनेटची वाट पाहिली नाही. खेड्यातील शाळेत एक दूरदर्शन संच, एक तबकडी वाजवणारे यंत्र आणि एक शिक्षिका. या शिक्षिकेचे काम काय, तर चित्र थांबवणे. पडद्यावरच्या बाईंनी प्रश्न विचारला की येथील बाईंनी चित्र थांबवावयाचे, तोच प्रश्न आपल्या वर्गाला विचारावयाचा, दोन मुलींना फळ्यापाशी बोलावून उत्तर काढून घ्यावयाचे आणि मगच चित्र पुढे सोडावयाचे. पडद्यावरच्या बाई विषय जाणत, समोरच्या बाई मुली जाणत. काही महिन्यांत खेड्यातील शिक्षिकाही पडद्यावरच्या बाईंप्रमाणे प्रश्न विचारू लागतात, आणि खरा लाभ तोच. नुसते चित्र लावून शिक्षक कचेरीत निघून गेले तेथे काही हाती लागले नाही. रेडिओच्या काळी यंत्र वेळ ठरवी. येथे थांबवण्याची कळ शिक्षिकेच्या हातात होती. एवढ्याशा कळीने केवढा फरक पडला!

महाराष्ट्रात या गोष्टीला वेग आला तो २०१५ नंतर. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासकीय कार्यक्रमाच्या काळात जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षकांनी लोकवर्गणी काढून पडदे, प्रक्षेपक, टॅब आणले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे व्हॉट्सॲपवर गट केले. ठाण्याच्या एका पाड्यावरील शिक्षकाने केलेला प्रयोग दुसऱ्या दिवशी चंद्रपूरच्या शिक्षकाला दिसू लागला. शिक्षकाला शिक्षक भेटला, तोही वरिष्ठांचे परिपत्रक न येता. समाजमाध्यमांचा शाळेला झालेला हा पहिला उपयोग होय, आणि अजूनही बहुधा सर्वांत निर्मळ.

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले हे शिक्षक २००९ मध्ये रुजू झाले तेव्हा शाळेची खोली गोदाम आणि गोठा यांच्यामध्ये दाटलेली होती. त्यांनी क्रमिक पुस्तकांत क्यूआर कोड घालण्याची कल्पना काढली. हा चौकोनी ठिपक्यांचा संकेत १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची मोजदाद करण्यासाठी निघाला होता. डिसले गुरुजींनी तो कवितेच्या पानावर आणला. मोबाईल पानावर धरला की त्या धड्याची चित्रफीत, ध्वनिफीत, प्रश्न समोर येतात. मुलींच्या घरची भाषा कानडी म्हणून ते स्वतः कानडी शिकले आणि पुस्तकांचा मजकूर त्यांनी तिच्यात आणला, ही गोष्ट कोडहून मोठी आहे. पुढे स्काईपवरून परदेशातील वर्गांशी मुलांची गाठ घालून दिली. भांडणाऱ्या देशांतील मुलांनी एकमेकांशी बोलावे असा एक उपक्रम त्यांनी चालवला, ज्यात भारत-पाकिस्तानची मुले होती, इस्राएल-पॅलेस्टाईनचीही होती. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले, आणि निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली.

त्यांच्या कोडची कल्पना महाराष्ट्र शासनाने सर्व क्रमिक पुस्तकांसाठी उचलली ती २०१७ मध्ये. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला केंद्राचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ निघाले, जेथे या कोडमागील चित्रफिती ठेवल्या जातात. आणि त्याच वर्षी, वर सांगितल्याप्रमाणे, बालचित्रवाणी बंद झाली. पानोपानी चित्राकडे जाणारे दार उघडले आणि मुलांसाठी मराठी चित्र काढणारी तेहतीस वर्षांची संस्था मिटली, ही दोन कामे एकाच वर्षात कशी झाली याचे समाधानकारक स्पष्टीकरण माझ्या वाचनात आलेले नाही.

येथे उर्दू माध्यमाचा विषय काढणे अगत्याचे आहे, कारण आपल्या काही घरांतील मुले मराठी शाळेत आहेत आणि काही उर्दू शाळेत. बालभारती १९६७ पासून मराठीबरोबर उर्दूतही पुस्तके काढते. परंतु उर्दूला यंत्रयुगात एक वेगळी अडचण भोगावी लागली. नस्तालीक लिपीची वळणे टंकाच्या खिळ्यांत बसेनात, म्हणून एकेक पान कातिब हाताने लिहीत. नूरी नस्तालीक हा संगणकी टंक १९८१ चा, आणि घरोघरच्या संगणकावर चालणारे इनपेज १९९४ चे. त्यानंतरही कित्येक वर्षे उर्दू पाने इंटरनेटवर छायाचित्र म्हणून टाकली जात. ती दिसत, पण शोधता येत नसत. मराठी मुलाला शब्द लिहून माहिती सापडे तेव्हा उर्दू मुलाला सापडत नसे. चित्रफितीने हा अडसर बराच दूर केला, कारण आवाजाला लिपी लागत नाही. कोल्हापूर भागातील आपल्या घरांत बोलली जाते ती दखनी. तिच्यात वाढलेल्या मुलाला पुस्तकी उर्दू आणि पुस्तकी मराठी दोन्ही थोड्या परक्याच. अशा मुलाला कानाने शिकण्याची संधी मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

मग २०२० चा मार्च आला आणि सर्व शाळांना कुलपे लागली. जे काम हौशी शिक्षक हौसेने करीत होते ते सर्वांना सक्तीने करावे लागले, आणि कोणत्या साधनाची पोहोच खरोखर कोठवर आहे ते एका फटक्यात कळले. समोरासमोर चालणारे ऑनलाईन वर्ग शहरांत भरले. खेड्यात चालले ते व्हॉट्सॲप. शिक्षकाने पाठाचे छायाचित्र किंवा आवाजाचा संदेश गटावर टाकावयाचा, मुलाने वहीचे छायाचित्र परत पाठवावयाचे. गटात तेव्हा २५६ माणसांची मर्यादा होती, वर्गाला ती पुरून उरे. पुरत नव्हता तो फोन. ‘असर’ या देशव्यापी ग्रामीण सर्वेक्षणाने २०२० मध्ये सांगितले की शाळकरी मुले असलेल्या घरांपैकी ६१.८ टक्के घरांत स्मार्टफोन आहे. २०१८ मध्ये हेच प्रमाण ३६.५ टक्के होते. दोन वर्षांत एवढी वाढ! पण घरात फोन असणे आणि मुलाच्या हातात असणे यांत अंतर आहे. फोन वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री आठला परत येतो. दोन भाऊ, एक बहीण आणि एक फोन असला तर रांगेत बहिणीचा क्रमांक कितवा लागतो हे मी सांगावयास नको. ‘असर’च्याच २०२३ च्या पाहणीत चौदा ते अठरा वयाच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. ज्या समाजात मुलीने सातवीनंतर शाळा सोडू नये म्हणून शिक्षिकांना आजही घरोघर जावे लागते, त्या समाजाने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

फोनची रांग पाहून जुन्या साधनांना पुन्हा दिवस आले. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिली मिली’ ही पहिली ते आठवीसाठीची मालिका सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने ती केली होती. तिच्यात पाठ्यपुस्तक समोर धरून बसावे लागत नव्हते. घरात, परसात आई-आजीबरोबर करावयाच्या कृती होत्या. ज्यांनी बालचित्रवाणी पाहिली होती त्या आयांनी ती मुलांबरोबर बसून पाहिली असेल. पालघरच्या जव्हार-मोखाडा भागात तर दूरचित्रवाणीही नाही अशा पाड्यांवर दिगंत स्वराज फाउंडेशनने ध्वनिवर्धक लावून ‘बोलकी शाळा’ चालवली. मुले अंतर राखून झाडाखाली बसत आणि कर्ण्यातून धडा ऐकत. १९३७ च्या रेडिओपासून निघालेली वाट पुन्हा आवाजापाशी आली.

शाळा उघडल्या, पण फोन घरात राहिला. शाळेसाठी म्हणून घेतला गेला आणि शाळेवाचून वापरला जाऊ लागला. ‘असर’ २०२४ च्या पाहणीनुसार चौदा ते सोळा वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन चालवता येतो. मागील आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला असे सांगणारे ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरला असे सांगणारे ७६ टक्के. यात मुलांना दोष देऊन चालणार नाही. लखनौच्या शिक्षिकेच्या हातात चित्र थांबवण्याची कळ होती. मुलाच्या हातातील फोनवर एक चित्रफीत संपली की दुसरी आपोआप सुरू होते. तेथे कोणी थांबवत नाही, कोणी प्रश्न विचारत नाही, आणि पुढची चित्रफीत कोणती हे शिक्षक ठरवत नाही, पालक ठरवत नाही, एक गणिती यंत्रणा ठरवते, जिचे उत्पन्न मुलाच्या बसून राहण्यावर अवलंबून आहे. यूट्यूबवर दहावीची भूमिती मराठीत समजावून सांगणारे उत्तम शिक्षक आहेत. त्यांच्याच शेजारच्या चौकटीत काय असते ते पालकांनी एकदा मुलाबरोबर बसून पाहावे, ओरडण्यासाठी नव्हे, माहितीसाठी.

सरकारांनाही याची जाग आली आहे. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यासाठी पालकाची संमती आवश्यक ठरवली. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांची समाजमाध्यमांवरील खाती बंद केली. यांचे पुढे काय होते ते दिसेलच. पण कायद्याची वाट न पाहता एक उपाय आपल्या शेजारच्या जिल्ह्यात झाला. सांगलीच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मधील ग्रामसभेत ठराव केला : रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजावा, दूरचित्रवाणी संच आणि मोबाईल बंद व्हावेत, मुलांनी अभ्यास करावा आणि मोठ्यांनी वाचावे, बोलावे. सुरुवातीस घरोघर फिरून सांगावे लागले, कारण भोंगा वाजला तरी मालिका चालूच राहात. मालिका पाहणारी मुले नव्हती, मोठी माणसे होती. साडेआठला दुसरा भोंगा वाजे आणि मग ज्याला हवे त्याने पडदा उघडावा.